गिअरला पंचामृत

मनकर्णाबाईंनी त्या वर्षी चातुर्मासात खोटं न बोलण्याचा नेम धरला होता. तसे त्यांचे नेम पुष्कळ. सोमवारी एकभुक्त, शुक्रवारी आंबट वर्ज्य, शनिवारी मारुतीला तेल, आणि तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट नाही. पण हे सगळे नेम पोटाचे. जिभेचा हा पहिलाच. मागच्या वर्षी वांगं सोडलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी कांदा. या वर्षी सोडायला मनासारखी भाजी उरली नाही, तेव्हा खोटं सोडलं. कांद्यापेक्षा हे सोपं जाईल, असा त्यांचा अंदाज होता.

आणि दसऱ्यापर्यंत सोपं गेलंही. शेजारच्या द्वारकाबाईंनी पोपटी साडी नेसून "कशी दिसते वो मी?" असं विचारलं, तेव्हा मनकर्णाबाईंनी "काठ लई सुरेख आहेत," असं म्हणून नेम शाबूत ठेवला. काठ खरोखरच सुरेख होते.

मग दसरा आला आणि गाडीची पूजा झाली.

गाडीचं आधी सांगायला पाहिजे. मनकर्णाबाईंचे यजमान बद्रीनाथराव जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. हलका म्हणजे डॉक्टरांच्या हिशोबानं. हात सुधारला, बोलणं सुधारलं, डावा पाय मात्र जमिनीवर ठेवला की दुसऱ्याचा वाटायचा. ज्या माणसानं चाळीस वर्षं सकाळच्या प्रार्थनेला पोरांना "सावधान" म्हटलं, त्याला मोरीपर्यंत जायला आधार लागू लागला. डॉक्टर म्हणाले, क्लच दाबायचा विचार सोडा. बद्रीनाथरावांनी क्लचचा विचार सोडला आणि बिनक्लचची गाडी शोधली. मुकुंदवाडीच्या तात्यासाहेबांनी आपली पंधरा वर्षांची जुनी गाडी त्यांना दिली. गिअर आपोआप पडतात, डाव्या पायाला कायमची रजा.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता दोघं हर्सूलच्या तलावावर जायचे. काठावर अर्धा तास बसायचं आणि परत. पहिल्या दिवशी तलावाशी गाडी थांबवून बद्रीनाथराव म्हणाले होते, "मनकर्णा, यात आपलं काही नाही बघ. सगळं हा गिअरच करतो. आपण नुसतं बसायचं."

ते सहज बोलले. पण मनकर्णाबाईंनी आजवर हे वाक्य कीर्तनात फक्त एकाच्याच बाबतीत ऐकलं होतं. त्यांनी ते मनात ठेवलं.

म्हणून दसऱ्याला सगळ्यांच्या गाड्यांसारखा बॉनेटला झेंडूचा हार झाला, चाकाखाली लिंबू झालं, नारळ फुटला; आणि बद्रीनाथराव आपट्याची पानं आणायला आत गेले, तशा मनकर्णाबाई चांदीची पळी घेऊन हळूच गाडीत शिरल्या. गिअरच्या दांड्याला हळद-कुंकू लावलं आणि त्याच्या पायाशी पाच पळ्या पंचामृत घातलं. दूध, दही, तूप, मध, साखर, वर तुळशीचं पान. धार फटीतून अशी सुरेख आत उतरली की, त्यांना वाटलं, स्वीकारली.

बुधवारी गाडीत मुंग्या दिसल्या. मनकर्णाबाईंनी हळद टाकली.

गुरुवारी तलावावरून निघताना गिअर 'पी'मधून, म्हणजे गाडी उभी करून ठेवायच्या जागेवरून, निघेना. ब्रेक दाबला, दांड्याचं बटण दाबलं, ओढलं. दांडा जागचा हलेना. तिसऱ्या खेपेला कसाबसा निघाला. बद्रीनाथरावांनी आपली बोटं एकमेकांवर घासून पाहिली, एक तोंडाशी नेलं, रुमालाला पुसलं आणि वाटभर काही बोलले नाहीत. मनकर्णाबाईही बोलल्या नाहीत. मनात त्या रविवारपर्यंतचे दिवस मोजत होत्या.

कारण पुण्याच्या लेकीची अट होती. झटका आलेल्या बापानं गाडी चालवायची, हेच तिला पसंत नव्हतं. उन्हाळ्यात आली तेव्हा ती स्पष्टच म्हणाली होती, "बाबा, ही जुनी गाडी एकदा जरी अडली ना, त्या दिवशी किल्ली मी घेऊन जाणार. मग तुम्ही रिक्षानं फिरायचं." आणि बद्रीनाथरावांनी मुख्याध्यापकी थाटात "मंजूर" म्हटलं होतं. त्यांनी दिलेला शब्द शिक्षणाधिकाऱ्यांनाही फिरवता आला नव्हता. लेक या रविवारी येणार होती.

शुक्रवारी सकाळी तलावावरून येऊन मनकर्णाबाई फाटक उघडायला उतरल्या. तेवढ्यापुरता बद्रीनाथरावांनी गिअर 'पी'त टाकला. मग तो निघालाच नाही. इंजिन छान चालू, गाडी ठार उभी. अर्धी आपल्या फाटकासमोर, अर्धी द्वारकाबाईंच्या.

द्वारकाबाई स्कूटी घेऊन निघाल्या होत्या, त्या आतच अडकल्या. फाटकावरून वाकून म्हणाल्या, "म्हणलं नव्हतं, दोन लिंबं ठेवा म्हणून? एकावर भागवलं तुम्ही. नजर लागली गाडीला."

"ढकला की जरा," कोणीतरी म्हणालं. चार जणांनी ढकलली. 'पी'त अडकलेली गाडी ढकलणं म्हणजे पाळण्यासकट झाड ढकलणं. एकाची चप्पल तुटली, एवढीच प्रगती.

इतक्यात समोरचे आप्पासाहेब आले. आप्पासाहेब पाटबंधारे खात्यात तीस वर्षं जीपमध्ये बसले. चालवली ड्रायव्हरनं, परंतु बसले हे. त्या अनुभवावर कॉलनीतल्या कुठल्याही वाहनाचं निदान त्यांच्या सहीशिवाय पुरं होत नसे. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, तेल मोजायची एक पट्टी ओढून काढली, तिच्या टोकाचं तेल बोटावर घेतलं आणि मान हलवली. अशी मान डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून हलवतात.

"काळं ठिक्कर. संपला."

"काय संपला?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"गिअरबॉक्स. या गाड्यांचं असंच असतं. तेल जळलं की आतली सगळी चक्रं गेली. नवा घालायचा तर गाडीपेक्षा गिअरबॉक्स महाग. भंगारात द्या, गुरुजी."

बद्रीनाथराव गाडीतून उतरले नव्हते. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले होते, जणू गाडी चालूच आहे आणि फाटकच त्यांच्याकडं येतंय. मनकर्णाबाईंनी खिडकीतून चहा दिला. तो त्यांनी घेतला. उतरले नाहीत. उतरले म्हणजे गाडी बंद पडली, असं झालं असतं.

"अन् या मुंग्या बघा," आप्पासाहेब आत डोकावून म्हणाले. "वायरिंग खातात ह्या. रबर गोड लागतं त्यांना."

मनकर्णाबाई कपबशी घेऊन दोन पावलं मागं सरकल्या. पण विचारलं कोणीच नाही. 'गिअरवर काही ओतलं होतं का?' हा प्रश्न जगात कोणालाच पडत नव्हता, आणि न विचारलेल्याचं उत्तर न देणं हे खोटं नव्हे, असं त्या स्वतःला सांगत होत्या. तासाभरात तेही पटेना. मग त्या मंदिरात गेल्या आणि तिथल्या पुजाऱ्यांना हळू आवाजात म्हणाल्या, "कोणी विचारलं नाही आणि आपण सांगितलं नाही, तर असत्याचा दोष लागतो का?"

"विषय काय आहे, माय?"

"गिअरबॉक्स."

पुजाऱ्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "विचारल्यावर लपवू नये. न विचारता दवंडी पिटायचीही गरज नाही." मनकर्णाबाईंना बरं वाटलं. मंदिराच्या पायऱ्या उतरेपर्यंत टिकलं.

मग कचेऱ्यांचा फेरा सुरू झाला. कंपनीच्या वर्कशॉपला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "गाडी इथं आणावी लागेल, सर."

"गाडी हलत नाही, म्हणूनच आणायची आहे."

"मग टोइंगवाल्यांना सांगा, सर."

टोइंगवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आणतो की. गाडी तेवढी न्यूट्रलला टाकून ठेवा."

"न्यूट्रलला पडली असती, तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

"न्यूट्रलला नसली तर वढता येत नाय, काका. चाकं जाम असत्यात. कंपनीला विचारा, न्यूट्रलला कशी टाकायची."

कंपनीला विचारलं. मुलगी म्हणाली, सांगते, पण आधी गाडीची नोंद उघडावी लागेल, आणि त्यासाठी मालकाच्या मोबाइलवर नंबर जाईल, तो सांगा. बद्रीनाथरावांनी मोबाइल पाहिला. काही आलं नाही. कंपनीच्या दप्तरी अजून मुकुंदवाडीचे तात्यासाहेबच मालक होते. बद्रीनाथरावांनी त्यांना फोन लावला. तात्यासाहेब जुन्या वळणाचे, शिवाय एका कानानं कमी.

"तात्यासाहेब, तुमच्या फोनवर एक नंबर आला असेल, तेवढा वाचा."

"आधी पाय कसा आहे, ते सांगा."

"पाय ठीक आहे. नंबर दोन मिनिटंच चालतो हो."

"दोन मिनिटं चालला तरी लई झालं! हळूहळू वाढवा. मी तुम्हाला म्हणलं व्हतं, तिळाच्या तेलानं चोळा..."

तात्यासाहेबांना चष्मा सापडेपर्यंत नंबर मेला. दुसरा आला, त्याच्याऐवजी त्यांनी गॅस सिलिंडरचा वाचला. तिसऱ्या खेपेला कंपनीची जेवणाची सुट्टी झाली. शेवटी तात्यासाहेबच वैतागून म्हणाले, "अहो, ह्या गाडीची नस सांडू मिस्त्रीलाच ठावी. औरंगपुऱ्यात बसतो. माझ्या ओळखीचा. उद्या सकाळी पाठवतो त्याला."

म्हणजे शनिवार. आणि रविवारी लेक.

शुक्रवार कसा सरला, ते मनकर्णाबाईंनाच ठाऊक. बद्रीनाथराव अखेर उतरून घरात आले, पण जेवताना त्यांनी भाकरीचे तुकडेच केले, खाल्ली नाही. एकदाच म्हणाले, "रिक्षावाला तलावापाशी अर्धा तास थांबेल का गं?" मनकर्णाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. वाटलं, आत्ताच सांगावं: अहो, मी केलं. तुमचे पाय ज्यानं परत दिले, त्यालाच मी पंचामृत घातलं, आणि त्यानंच पाय आखडून घेतला. पण सांगून काय होणार होतं? गिअरबॉक्स काही त्यानं जिवंत होणार नव्हता. शिवाय त्यांनी विचारलं नव्हतं. नऊ वेळा मनाशी ठरवलं आणि नऊ वेळा वाटीत वरण वाढलं.

शनिवारी मारुतीला तेल वाहताना त्यांनी नेहमीपेक्षा जरा जास्तच वाहिलं. मग गाडीच्या गिअरचं काय झालं ते आठवून हात आखडला.

सांडू मिस्त्री नऊ वाजता आले. पन्नाशीचे, अंगानं बारीक, कानावर पेन्सिल. तोवर कॉलनी जमलेलीच होती. द्वारकाबाईंची स्कूटी चोवीस तास कैदेत असल्यामुळं त्यांचा तर हक्कच होता.

आप्पासाहेब पुढं झाले. "गिअरबॉक्स गेलाय. मी कालच तेल बघितलं, काळं ठिक्कर."

"कोन्ती पट्टी काढली साहेब तुम्ही?"

आप्पासाहेबांनी दाखवली.

"ही इंजिनाची व्हय. इंजिनाचं तेल काळंच असतंय." मिस्त्रींनी खाली, मागच्या बाजूला हात घालून दुसरी पट्टी ओढली, पांढऱ्या फडक्यावर टेकवली. फडक्यावर लालचुटूक डाग उमटला. त्यांनी तो नाकाशी धरला. "जळका वास नाय. डाळिंबाच्या रसागत तेल हाय मालक. गिअरबॉक्स धडधाकट हाय तुमचा."

आप्पासाहेबांनी इंजिनाची पट्टी पुन्हा एकदा बघितली आणि म्हणाले, "जीपला एकच होती."

बद्रीनाथराव काठी टेकत पुढं आले. "मग हलत का नाही?"

"बघू की. ह्या गाडीत ब्रेक दाबल्याबिगर गिअर सोडत नाय. आतमंदी एक कुलूप असतंय. ब्रेक दाबला का टक् वाजून उघडतंय. दाबा ब्रेक. आन् मागं कोनी बघा, लाल दिवा लागतो का."

"लागला!" मागून द्वारकाबाई ओरडल्या. या सगळ्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना काम दिलं होतं.

"म्हंजे ब्रेक झकास." मिस्त्रींनी गिअरच्या दांड्याजवळ कान नेला. "पुन्ना दाबा. सगळे गप ऱ्हावा जरा."

सगळे गप्प राहिले. 'टक्' आलं नाही.

"हितंच हाय दुखणं," मिस्त्री म्हणाले. दांड्याशेजारचं नखाएवढं झाकण त्यांनी पेचकसानं उचकटलं, आत पेचकस दाबला, दुसऱ्या हातानं दांडा ओढला. दांडा मुकाट्यानं 'एन'मध्ये, म्हणजे न्यूट्रलला, येऊन बसला. एका फटीत पेचकस घालायचा होता. कंपनी, टोइंग, तात्यासाहेबांचे तीन नंबर, सगळं त्या एका फटीशी येऊन थांबलं. चौघांनी बोटानं ढकलली, तशी गाडी द्वारकाबाईंच्या फाटकासमोरून सरकली. द्वारकाबाई स्कूटी काढून मोकळ्या झाल्या. पण गेल्या नाहीत. आता जाणं शक्य नव्हतं.

मनकर्णाबाईंना वाटलं, झालं. टळलं. देवा, तुझे उपकार.

पण मिस्त्री कामाचे पक्के. त्यांनी दांड्याभोवतीचा काळा पत्रा काढला आणि आत बघून थांबले. आत सगळं पिवळट, चिकट, जुन्या गुळाच्या ढेपेसारखं. त्यात मुंग्यांचं अख्खं गाव. मिस्त्रींनी बोटानं खरवडलं, हुंगलं आणि मान वर केली. मनकर्णाबाईंना ती मान वर होताना दिसली, फार सावकाश.

"मालक, हितं काय सांडलं व्हतं?"

प्रश्न आला.

मनकर्णाबाईंनी पदर सावरला, तोंड उघडलं, आणि त्यांच्या आधी बद्रीनाथराव म्हणाले, "चहा. माझाच. काल इथंच बसून पीत होतो."

मिस्त्रींनी खरवडलेलं बोट वर धरलं. त्यावर सुकलेलं तुळशीचं पान होतं. "चहात तुळस घालता मालक, चालतंय. पर तूप बी घालता?"

बद्रीनाथराव आयुष्यात पोरांच्या शंभर खोट्या सबबी पकडलेले. स्वतः बनवायची पहिलीच वेळ, आणि नापास झाले.

"चहा नव्हता," मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज इतका मऊ की मागच्यांना ऐकू गेला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. "चहा नव्हता. पंचामृत व्हतं. दसऱ्याला मी घातलं. पाच पळ्या."

"गिअरला?" आप्पासाहेब म्हणाले.

"व्हय."

"मध घातला व्हता का साखर?" द्वारकाबाईंनी विचारलं. त्यांना विधीतली बारीक गोष्टही सोडवत नसे.

"दोन्ही."

"मग बरोबर हाय," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले. "मदानं कुलपाची जीभ चिटकली. साखर वाळली. नुसतं दूध असतं तर चाललं असतं येकांदा महिना." आणि त्यांनी ते तुळशीचं पान फेकलं नाही, कपाळाला लावून कुंडीत ठेवलं. मग कसलासा फवारा मारून, फडक्यानं पुसत बसले.

मनकर्णाबाई यजमानांकडं वळल्या. डोळे भरले होते, पण आधी विचारायचं ते त्यांनी विचारलं. "तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"गुरुवारपासून. बोट चाटलं मी. आपल्याच घरचं पंचामृत. मध जास्ती घालतेस तू."

"मग बोलला का नाही? कालपासून जीव टांगणीला लागलाय माझा!"

बद्रीनाथरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मी विचारलं असतं, तर तुला सांगावं लागलं असतं. नेम आहे तुझा. चार लोकांत... म्हणून विचारलं नाही."

"अन् आत्ता खोटं बोललात."

"माझा कुठं नेम आहे?"

रविवारी अकरा वाजता लेक आली. गाडी फाटकात शहाण्यासारखी उभी होती, गिअरचा दांडा लखलखत होता, आणि पाणी प्यायच्या आधी तिनं विचारलं, "आई, गाडी काही अडली-बिडली नाही ना?"

बद्रीनाथराव वर्तमानपत्रामागं गेले. मनकर्णाबाईंनी एकदा त्या वर्तमानपत्राकडं बघितलं. तलाव आठवला, काठावरचा अर्धा तास आठवला. 'इंजिन क्षणभरही बंद पडलं नाही,' असं म्हणता आलं असतं. ते साडीच्या काठासारखंच खरं होतं. पण कालपासून त्यांना काठांचा कंटाळा आला होता. त्यांनी पोरीला समोर बसवलं आणि गिअरच सगळं करतो, इथपासून पाच पळ्यांपर्यंत आणि आप्पासाहेबांच्या पट्टीपासून मिस्त्रींच्या बोटापर्यंत सगळं सांगितलं. एक मुंगीसुद्धा वगळली नाही. आणि शेवटी उठून खुंटीवरची किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली. "तुझी अट व्हती. बाबांचा शब्द आहे. पर गाडी नाय चुकली, बाई. बाबा बी नाय चुकले. मी चुकले."

लेकीनं किल्लीकडं बघितलं. वर्तमानपत्र हलत नव्हतं, त्यामागचा वाचणाराही हलत नव्हता. मग तिच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. मनकर्णाबाईंना वाटलं, पोर रडते. ती हसत होती. हसता हसता डोळे पुसत ती उठली, देवघरात गेली आणि चांदीची पळी घेऊन आली.

"किल्ली राहू दे," ती म्हणाली आणि पळी पर्समध्ये टाकली. "ही मी नेते."

सोमवारी सात वाजता दोघं तलावावर निघाले. मनकर्णाबाईंचं तुळशीला पाणी घालून झालं होतं, तांब्या त्यांनी घरातच ठेवला होता. बद्रीनाथरावांनी किल्ली फिरवली, ब्रेकवर उजवा पाय ठेवला आणि दोघांनीही, काही न ठरवता, श्वास धरला.

टक्.

मनकर्णाबाईंनी गिअरला नमस्कार केला. लांबून, आणि कोरडाच.